कयाधूकाठी काढलेला फोटो

गुडघे ऐकतायत तोवर चालून घ्यावं, असं संगीताचं म्हणणं. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आणि तिच्यापुढे माझं कधी चाललेलं नाही. जानेवारीत आम्ही दोघी हिंगोलीला उतरलो आणि काळी-पिवळीने नर्सी नामदेव गाठलं. बेत साधा होता: कयाधू नदीच्या काठाने तीन दिवसांत कळमनुरीला पोचायचं.

नर्सीत मुरमुऱ्यांचा गरमागरम सुशीला खाल्ला, पन्नास रुपयांत दोघींची पोटं भरली. जाणार असाल तर पाणी सोबत ठेवा, वाटेत दुकान लागत नाही. पहिला दिवस हरभरा आणि हळदीच्या शेतांमधून मजेत गेला. चपला घालून आल्याबद्दल संगीताने मला दिवसभर टोमणे मारले, आणि पायात बाभळीचे दोन काटे मोडल्यावर मी गुमान ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना एका रिकाम्या शेतात मेंढरं बसलेली दिसली. खतासाठी शेतमालकाने ती बसवून घेतली होती. राखण करायला एकटी ठकूबाई, चाळिशीची, आणि तिचा कुत्रा काळू. तिने आम्हाला हाताला धरून बसवलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या. एक भाकरी मात्र तिने वाटेकडच्या दगडावर ठेवली, शेजारी घोंगडीची घडी.

"ही कुणाला?" मी विचारलं.

"मालकाला. माझ्या धन्याला. चुकलेलं कोकरू पाहाया गेले, दोन वर्सं झाली. अजून येऊनच राहिले."

तिने चूल सारखी केली.

"दीर म्हनतेत, या आवसेला पिठाचा पुतळा करू, अग्नी देऊ, मोकळी हो. मी म्हनलं, काहून? कुनी डोळ्यानं पाहिलं म्हनलं तर थांबू, म्हनतेत."

तेवढ्यात मेंढरांची हालचाल थांबली. सगळ्यांची तोंडं नदीकडे वळली. काळू उठून उभा राहिला आणि भुंकायचं सोडून शेपूट हलवू लागला. नदीकडे कोणी नव्हतं. मला मनातून भीती वाटली, आणि भीती लपवायला मी भराभर फोटो काढले.

रात्री शेतमालकाच्या ओसरीवर झोपलो. सकाळी निरोप घ्यायला गेलो, तर दगडावर भाकरी नव्हती आणि घोंगडीची घडी मोडलेली होती.

"काळूनं खाल्ली असेल," संगीता म्हणाली.

"न्हाई ताई. त्या भाकरीला काळू तोंड लावत न्हाई." असं म्हणून ठकूबाईने घोंगडीची पुन्हा नीट घडी घातली. फोटो पाठवायचा शब्द घेऊनच तिने आम्हाला सोडलं.

तिसऱ्या दिवशी कळमनुरीला पोचलो आणि बसने परत फिरलो.

पुण्यात घरी आल्यावर चहा पीत फोटो नीट करायला बसले. तांदळातले खडे वेचावेत तशी एकेका फोटोतली नको ती गोष्ट पुसत गेले: विजेची तार, उडणारी प्लास्टिकची पिशवी, मागे उभा असलेला कुणी घोंगडीवाला वाटसरू. बोट फिरवलं की जागा मोकळी. फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मूळ फोटो लगेच कायमचे काढून टाकले. मग अल्बम सगळ्यांना पाठवला, ठकूबाईलाही. सगळ्यांनी वा वा केली.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईचा फोन आला.

"ताई, काळूच्या म्होरं सावली कुनाची हाय? मानूस तर दिसंना."

मी फोटो उघडला. गवतावर लांब सावली पडली होती, डोक्यावर घोंगडीचं टोक. वाटसरू मी पुसला होता, त्याची सावली पुसायची राहिली होती. संगीताला विचारलं, तर ती म्हणाली, "तिथे आपण तिघीच होतो गं."

मी ठकूबाईला सगळं खरं सांगितलं. फोटोत कोणीतरी होतं. मीच पुसलं.

पलीकडे मेंढरं ओरडत होती.

"तकलीफ न्हाई ताई. दिराला सांगते, तुमी पाहिलं म्हून. आवस टळली." मग तिने हळूच विचारलं, "तोंड कसं व्हतं हो त्येंचं? सुकलेलं व्हतं का?"

पाय आता बरे झालेत. फोटो रोज एकदा उघडते, मोठा करून बघते. तिला अजून उत्तर दिलेलं नाही, कारण पुसताना मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं.