दिवे बंद, मीटर चालू

आमच्या हिच्या भाच्याइतका दुसऱ्याच्या शब्दावर अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. त्याने ‘कसे आहात?’ विचारलं आणि तुम्ही ‘बरा आहे’ म्हणालात, की सुटलात असं समजू नका. किती बरे, कधीपासून बरे आणि कशावरून बरे, हे तो तुमच्या बोटाला चिमटा लावून स्वतः बघणार. बायोमेडिकल इंजिनिअरिंग नावाच्या विषयात तो पीएचडी करत होता. प्रयोगशाळा नागपूरला, पण मोजायची माणसं इकडची. म्हणून ‘मावसाजी, आठ दिवस राह्यतो’ असं सांगून तो आमच्या वर्ध्याच्या घरी समोरच्या खोलीत शिरला आणि मोजून दोन वर्षं राहिला. त्या दोन वर्षांत आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याला खेटून छातीला चिकटवायच्या गोल चिकट्यांची पाकिटं असत. पहिला प्रयोग अर्थातच माझ्यावर झाला. चिकट्या ओढून काढताना छातीवरचे केसही सोबत गेले, आणि तिथे रुपयाएवढी तीन टकलं पडली. बनियन घातलं तरी आमच्या हिला ती टकलं आठवत आणि ही एकटीच हसत बसे.

त्याची डॉक्टरकी कुणालाही समजावून सांगणं हे एक कामच होतं. डॉक्टर म्हणावा तर सुई नाही की गोळी नाही. इंजिनिअर म्हणावा तर आमच्या शेजाऱ्यांचा मिक्सर त्याला दुरुस्त करता आला नव्हता. शेवटी त्याच्या आईनेच एक सोपं उत्तर काढलं. ‘आमचे जवाई घराघरातले मीटर वाचत, हा माणसाईचे मीटर वाचते,’ असं ती आपल्या गावच्या, वडनेरच्या बायांना सांगे. जवाई म्हणजे मी. सारी नोकरी वीज खात्यात मीटर वाचण्यात गेली माझी, त्यामुळे ही तुलना मला मनापासून आवडली होती, हे कबूल करतो.

त्याचं संशोधन सांगायला तसं सोपं होतं. उन्हातान्हात शेतात राबणाऱ्या माणसाच्या छातीला एक पट्टी बांधायची. शरीर फार ताणात जायला लागलं, की ऊन लागायच्या आधीच पट्टीने पीं पीं करून ‘सावलीत चला’ म्हणून सांगायचं. आता ताण ओळखायचा तर आधी त्या माणसाचं स्वस्थ बसलेलं शरीर कसं चालतं ते ठाऊक पाहिजे. म्हणून नियम असा की सुरुवातीला पाच मिनिटं स्वस्थ बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही आणि त्याआधी दोन तास चहा प्यायचा नाही. हा नियम ज्या कुणी केला, त्याने आमचा मुलूख नकाशात तरी पाहिला होता की नाही, देव जाणे. शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना त्याने खुर्चीत बसवलं. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी विचारलं, “बोललो त चालते का?”

“नाई चालत, काका.”

“नाई, म्हनलं विचारून घ्याव.” मग तिसऱ्या मिनिटाला या नियमाला आपला पूर्ण पाठिंबा का आहे, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. चहाचं विचारलं तर म्हणाले, “छे! सकाळपासून घेतलाच नाई. आता येता येता अर्धा कप घेतला, तेवढाच.”

भाच्याचा मात्र धीर सुटत नसे. आष्टीला एका लग्नात त्याने मित्राला, म्हणजे खुद्द नवरदेवाला, शेरवानीच्या आतून पट्टी बांधली होती. अंतरपाट धरला तेव्हा ठोके अगदी शांत, आणि साळ्यांनी बूट पळवले तेव्हा मात्र जी धडधड सुरू झाली ती पंगत उठेपर्यंत थांबली नाही. मला तो एकदा पवनारला घेऊन गेला. धाम नदीच्या काठी दगडावर बसवून म्हणाला, “इथं तुमचं मन शांत झालंच पायजे, मावसाजी.” मी नदीकडे बघत बसलो होतो, हे खरं. पण वर्ध्याची बस चुकते की काय, एवढा एकच विचार डोक्यात होता. तो लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून खिन्नपणे म्हणाला, “तुमाले निसर्ग सहन होत नाई.” आणि घरातलं तर विचारूच नका. एकदा आमचं नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललं असताना हा चिमटे घेऊन धावत आला आणि दोघांच्या बोटांना लावून मोकळा झाला. निकाल असा लागला की घर डोक्यावर घेणाऱ्या हिचे ठोके अगदी ठीकठाक, आणि मुकाट बसलेल्या माझे घोड्यासारखे पळत होते. “मावशीले राग आलाच नाई. तुम्हीच संतापून राह्यले,” तो म्हणाला. हा निकाल ही अजूनही प्रत्येक भांडणात पुरावा म्हणून काढते.

पण गंमत गंमत म्हणता म्हणता प्रकरण गळ्याशी आलं. त्याला वीस माणसांच्या नोंदी लागत होत्या. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. महिन्याच्या आत वीस नोंदी दिल्या नाहीत तर सहा वर्षांचं शिक्षण पाण्यात जाणार होतं. रडतखडत एकोणीस झाल्या. विसावी त्याची आई, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे साडभाऊ, गेल्यापासून वडनेरची शेती ताईच बघते. तिची नोंद आली ती साफ उलटी. खुर्चीत स्वस्थ बसली की ठोके धावत सुटतात, आणि भर उन्हात कापूस वेचायला लागली की शांत होतात. त्याचे नागपूरचे मार्गदर्शक सर म्हणाले, पट्टी खराब आहे. आणि पट्टीच खराब असेल तर बाकीच्या एकोणीस नोंदींवर तरी विश्वास कसा ठेवायचा? भाच्याने पट्टी स्वतःला बांधली, मला बांधली, हिला बांधली, सगळीकडे ठीक. वडनेरला जाऊन पुन्हा तीनदा आईला बांधली, तिन्ही वेळा तेच. त्या दिवशी परत आला तो जेवलाच नाही. मी मुद्दाम आवाज चढवून पाहिला, तर त्याने माझं बोटसुद्धा धरलं नाही. तेव्हा मात्र मीच खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो.

मी म्हणालो, “लेका, लोक मले नेहमी सांगत, मीटर खराब हाये. सारे दिवे बंद, पंखे बंद, तरी चकती फिरून राह्यली. मी म्हनो, चला, घरात पाहू. दर वेळी आत काई ना काई चालू सापडे. एकदा त माळ्यावरच्या डब्यामागं विजेची शेगडी सापडली. मीटर सहसा खोटं बोलत नाई. तुया मायले विचारलं का, बसल्यावर तिले काय होते?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “विचारायचं?” तो म्हणाला. “तोंडानं?”

सहा वर्षांत हा मार्ग त्याला कधी सुचलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वडनेरला गेलो. ताई अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली, पट्टी बांधलेली, हात गुडघ्यांवर, जशी काही फोटो काढायला बसली होती. भाच्याने विचारलं, “माय, तू अशी बसली का तुले काय होते?”

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “रागावशीन नाई नं?”

“नाई.”

“तुयी परीक्षा हाये नं हे? इतके वर्स शिकून राह्यला तू. आता शेवटचा पेपर मायावर आला. माये ठोके चुकले त तू नापास होशीन. म्हनून मी आतल्या आत म्हनतो, हळू चाल बाप्पा, हळू चाल. त ते अजूनच पयते.”

“अन् कापूस वेचताना?”

“तवा कायचा पेपर? तवा त मी काम करतो.”

भाचा खाली जमिनीवर बसला. मग म्हणाला, “माय, परीक्षा मायी हाये. तुयी नाई.”

“एकच झालं नं,” ताई म्हणाली. तिला तसं बसवेना, म्हणून ती आत जाऊन सूप घेऊन आली आणि तुरीच्या डाळीतले खडे निवडायला लागली. पट्टी अंगावरच होती. सवयीने भाच्याची नजर लॅपटॉपकडे गेली आणि तिथेच खिळली. एकोणिसांपैकी एकाचेही नव्हते इतके शांत ठोके त्या पडद्यावर चालले होते.

पुढचे पंधरा दिवस तो सूप आणि डाळ घेऊन गावोगाव फिरला आणि सगळ्यांच्या नोंदी नव्याने घेतल्या. स्वस्थ बसा म्हटलं की आमची माणसं अस्वस्थ होतात. हाताला काम दिलं की गप्प. तलाठीसाहेबांना शेंगा सोलायला दिल्या, तर पाच मिनिटं अवाक्षर बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने चारदा दारातून डोकावून पाहिलं. सरांनी कपाळाला आठ्या घालत का होईना, मान डोलावली. शेवटच्या तोंडी परीक्षेला ताईही नागपूरला आली आणि मागच्या रांगेत वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली. परीक्षकांनी विचारलं, या कोण? तर आमचा डॉक्टर म्हणाला, “क्रमांक वीस.”

आता तो बंगळूरला नोकरीला आहे. जाताना एक जुनी पट्टी माझ्यासाठी खुंटीला टांगून गेला, वय झालं म्हणून रोज बांधा म्हणाला. फ्रिजमध्ये आता नुसतं दही असतं. संध्याकाळी मी समोरच्या खोलीत, त्याच्या रिकाम्या कॉटजवळ, पट्टी बांधून पाच मिनिटं बसतो. बोलत नाही, हलत नाही, चहासुद्धा घेतलेला नसतो. तरी आकडा काही खाली येत नाही. रविवारी त्याचा फोन येतो. “मावसाजी, बसल्यावर ठोके किती येते?”

“पट्टी खराब झाली वाटते, लेका,” मी सांगतो. “येजो एखाद्या दिवशी. पाहून घेजो.”