सायकल स्टँडवरची सभा

कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी बोलताना भान विसरले आणि 'नाही'च्या जागी 'न्हाय' म्हणाले. समोरची मुलं हसली. निकालानंतर परीक्षक असलेले मराठीचे सर मला म्हणाले, "मुद्दे चांगले होते. पण गावची भाषा घरी ठेवून यायचं."

मी टेमघर गावची. घरी सगळे तसंच बोलतात. घरी जाईपर्यंत रागाने माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. दर बुधवारी एक सभा भरवायची, ज्याने त्याने आपल्या घरच्या भाषेत बोलायचं. अर्जावर सरांची सही लागणार होती. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"काय शिकवणार तिथे? अशुद्ध बोलायला?"

"न्हाय सर," या वेळी मी मुद्दाम म्हणाले. "नुसतं बोलायला."

सही मिळाली नाही. सहीशिवाय बसायला वर्गही नाही. मग आम्ही मागच्या सायकल स्टँडवर बसलो. पहिल्या बुधवारी आम्ही तिघंच होतो: मी, माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आणि पूर्णा गावचा एक मुलगा. मैत्रिणीच्या घराखालीच कापडाचे लूम चालायचे. ती म्हणाली, "हमारे घर में कोई धीरे नहीं बोलता, मशीन सुनने ही नहीं देती. इथे मॅडम मला म्हणतात, ओरडू नकोस." मग पूर्णा गावच्या मुलाने सांगितलं की त्यांच्या शेतात आता गोडाऊन उभं आहे आणि त्याचे वडील त्याच गोडाऊनच्या गेटवर वॉचमनची ड्युटी करतात. "आपलेच शेतान जायला बाबा गोडाऊनचे साहेबाला विचारतं," तो म्हणाला. वर्गात दोन वर्षं मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

महिनाभरात पंधरा-वीस जण येऊ लागले. तेव्हा सर तिथे आले.

"ही जागा सायकलींसाठी आहे. उठा."

आम्ही उठलो. पुढच्या बुधवारी मात्र प्रत्येक जण सायकल घेऊन आला. ज्याच्याकडे नव्हती त्याने शेजाऱ्याची मागून आणली. माझ्या मैत्रिणीला सायकल चालवता येत नव्हती, ती धामणकर नाक्यापासून रिक्षांच्या गर्दीतून हाताने ढकलत घेऊन आली. सगळ्यांनी सायकली स्टँडला लावल्या आणि आपापल्या सायकलीला टेकून उभे राहिले. सर आले, तेव्हा मी म्हणाले, "सायकल ठेवायला आलोय, सर."

त्यांनी सगळ्यांची ओळखपत्रं काढून घेतली. मला वडिलांना आणायला सांगितलं.

बाबा प्राचार्यांसमोर खुर्चीच्या कडेवर बसले. मी भिंतीला टेकून उभी होते. बाबांनी मला दोन शब्द सुनावले असते, तर सगळं तिथेच संपलं असतं.

"तुमच्या मुलीला समजवा," प्राचार्य म्हणाले.

"तिनं वाईट काय केलाय?"

"वाईट नाही हो. पण परवानगी नाही."

"मंग द्या ना परवानगी," बाबा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं की यात अडचण काय आहे.

लेखी काही मिळणार नाही, कॉलेजचं नाव वापरायचं नाही, पण बसा, असं प्राचार्य शेवटी म्हणाले. ओळखपत्रं त्याच दिवशी परत मिळाली.

आम्ही बसलो, तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत. हळूहळू सभेचं नाव कॉलेजबाहेरही गेलं. त्या शेवटच्या वर्षी स्नेहसंमेलन जवळ आलं, तेव्हा सरांनी मला स्वतःहून बोलावलं. स्टेजवर तुम्हाला दहा मिनिटं देतो म्हणाले, फक्त भाषणं आधी लिहून दाखवा, मी जरा सुधारून देईन.

मी सगळ्यांना विचारते म्हटलं. बुधवारी विचारलं. मैत्रीण माझं वाक्य संपायच्या आतच "नको" म्हणाली. बाकीच्यांनीही 'नको'साठीच हात वर केले, सगळ्यांनीच. स्टेज कुणाला नको होतं? मलाही हवंच होतं. तरी मी सरांना जाऊन सांगितलं, "आम्ही येत न्हाय."

संमेलनाच्या पत्रिकेत आमचं नाव छापलं गेलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.