साहेब जंगलात आहेत

दुबईतल्या आमच्या वर्तुळात सुट्ट्यांचीही उतरंड आहे. जॉर्जिया, बाकू कुणीही करतं. युरोप झालं की माणूस महिनाभर फोटो टाकतो. पण केनियात, तळ्याकाठच्या जंगल लॉजमध्ये, जिथे मोबाइलला रेंजच नाही, तिथे चार दिवस राहणं म्हणजे कळस. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला मी "तिथे नेटवर्क नाही हं" असं सांगत होतो, जणू ती व्यवस्था मीच करवून घेतली होती.

जबल अलीतल्या एका कंपनीत मी साइटवरच्या माणसांचा मॅनेजर आहे. त्यांच्या रजा माझ्या फोनवरच्या एका बटणाने मंजूर होतात. आमच्याकडे रीत अशी, की अर्ज आला म्हणून लगेच बटण दाबायचं नाही. आठ-दहा दिवस मुरू द्यायचा, नाहीतर माणसं शेफारतात. हे मला आधीच्या मॅनेजरने शिकवलं आणि मी भक्तिभावाने पाळलं. निघायच्या आदल्या दिवशी क्रेनला माल बांधणारा एक कोकणातला माणूस केबिनच्या दारात आला.

"साहेब, रविवारी बहिणीचं लग्न आहे. अर्ज टाकून दहा दिवस झाले. तेवढं अप्रूव्ह..."

"करतो रे. यल्ला, जा कामाला."

आणि मी सामान भरायला घरी गेलो.

लॉज सुंदर होतं, हे नाइलाजाने कबूल करतो. तंबूत बाथटब होता आणि दारात 'खोलीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत' अशी पाटी. बायकोने ती नीट वाचली आणि शंकरपाळ्यांचा डबा स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवला. दुसऱ्या सकाळी एका माकडाने तो शोधून काढला आणि समोरच्या झाडावर बसून, आमच्याकडे बघत बघत, संपवला. तळ्यात पाणघोडे होते. एखाद्याने डोकं वर काढलं की प्रत्येक वेळी मी फोटो काढायचो आणि मुलगी म्हणायची, "बाबा, इट्स लिटरली द सेम हिप्पो."

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवणानंतर काही सुचेना म्हणून फोनमधले जुने फोटो चाळत बसलो. त्यात एक लग्नपत्रिका निघाली. त्या कोकणातल्या माणसाने मला आग्रहाचं आमंत्रण म्हणून पाठवलेली. लग्न रविवारी, आणि बटण दाबायचं राहूनच गेलं होतं.

धावत रिसेप्शनला गेलो. रेंज कुठे मिळेल? मागच्या टेकडीवर, त्यांनी हसून सांगितलं. पण पायी जायचं नाही, रानरेडे आहेत. गाडी चारला. मी माझा दुबईचा आवाज काढला, "मॅनेजरला बोलवा!" मॅनेजर आले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "गाडी चारला, सर." माझ्या हुद्द्याचं तिथे कुणालाच काही पडलेलं नव्हतं.

टेकडीवर पोचलो तेव्हा त्याचे अकरा मेसेज आले. पहिल्यात 'साहेब, आठवण करून देतो' होतं. शेवटच्यात 'सॉरी साहेब, सुट्टीत त्रास देतोय.' मी बटण दाबलं. पण मंजुरी पुढे तिकीट काढणाऱ्या विभागाकडे जाते, आणि शुक्रवारी तो विभाग दुपारीच बंद होतो. उघडतो सोमवारी. मी दोन-तीन फोन केले, कुणी उचलला नाही. बरोबर आलेल्या बायकोने विचारलं, "अहो, आधीच का नाही केलंत?" लाज वाटली, आणि ती टेकडीवरून उतरताना गेली नाही.

परतल्यावर त्याला केबिनमध्ये बोलावलं. माफी मागायची ठरवली होती, पण खुर्चीत बसल्यावर तोंडातून आलं, "अरे, सिस्टमचा प्रॉब्लेम झाला."

"असू दे साहेब. व्हिडिओ कॉलवर बघितलं ना सगळं." मग म्हणाला, "नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो. चुलतभावाने पिळला."

मी टेबलावरचे कागद नीट लावले. तोच म्हणाला, "तुमची सुट्टी कशी झाली साहेब? जनावरं दिसली?"

मी फोन पुढे केला. शंभरेक फोटो असतील, बरेचसे एकाच पाणघोड्याचे. त्याने उभ्याउभ्या सगळे बघितले आणि प्रत्येकाला "भारी" म्हणाला, कारण मी त्याला जा म्हटलं नव्हतं.