याकोबा शीव चालला

पाटलांना कुणाला भेटायचं नसलं, की ते वेसकराला दारात उभं करत. वेसकर म्हणजे आमचा याकोबा. एकदा माजलगावचा वसुलीचा कारकून दारात आला, तेव्हा याकोबा त्याला अदबीनं म्हणाला, "पाटील घरात हायत, सायेब. पर घरी न्हाईत म्हणून सांग म्हणलेत." आत पाटलांना जो ठसका लागला, तो गावभर ऐकू गेला.

मी त्या गावचा कुलकर्णी. निजामाचं राज्य, उर्दू दफ्तर, आणि दोन तोंडांनी बोलल्याशिवाय गावकी चालत नाही अशी माझी पक्की समजूत. त्यामुळे हा माणूस मला आधी बावळट वाटला आणि मग अडचणीचा. मूळचा तो महारवाड्यातला राणबा. पाद्रीबाबाकडून बाप्तिस्मा घेऊन नवराबायको ख्रिस्ती झाले; ती सारा झाली, तो याकोब. गावानं खंडोबा-म्हसोबाच्या चालीवर त्याचा याकोबा करून टाकला. धर्म बदलला तरी वेसकरकी सुटली नव्हती. चावडी झाडायची, सांगावे पोचवायचे, गावाची शीव राखायची. चावडीची पायरी मात्र चढायची नाही. दिंद्रुडच्या बाजारातून तो निरोप आणी, त्यात पदरचं तिखटमीठ नसे. शिवी असली तर शिवीही जशीच्या तशी.

झाडू उचलण्याआधी तो डोळे मिटून क्षणभर उभा राही. मी एकदा डिवचलं, "काय रे, झाडूची पूजा करतोस?"

"न्हाई जी. चाकरी पाटलाची, पर हजेरी देवाची. आंदी ती देतो."

पुढं ओढ्याकाठच्या काळ्या रानाच्या पट्ट्यावरून आमचं आणि शेजारच्या गावाचं भांडण पेटलं. शिवेचे दगड पुरात वाहून गेले होते. अशा वेळी वेसकराचा शब्द अखेरचा. त्यानं कपाळाला ग्रामदेवीचा भंडार लावायचा, शपथ घ्यायची आणि डोक्यावर माती घेऊन चालायचं; तो चालेल ती शीव. खोटा चालला तर त्याचा निर्वंश होतो, असा समज. याकोबा ओढ्याच्या काठानं चालला तर पट्टा आमचा. आतल्या अंगानं चालला तर पट्टा त्यांचा, आणि त्याबरोबर याकोबाचा हाडोळाही गेला. हाडोळा म्हणजे वेसकरकीबद्दल मिळालेली जमीन. त्या दोघांचं पोट तिच्यावरच होतं. म्हणून आमचे पाटील निर्धास्त होते.

तहसीलदार घोड्यावरून आले. दोन्ही गावं शिवेवर लोटली. याकोबानं मातीची पाटी डोक्यावर घेतली, पण भंडाराला हात लावेना.

"हलफ उठाओ," तहसीलदार म्हणाले.

"हलफ न्हाई घेणार, सायेब. आमच्या प्रभूनं मना केलंय. शपथ घेतल्यावरच खरं बोलायचं, तर एरवी काय खोटं बोलायचं?"

एकच गलका झाला. शपथ नाही तर भीती कशाची, म्हणून समोरचं गाव खवळलं. आमचे पाटील त्याच्या कानाशी लागले, "बे याकोबा, घे की गुमान! लई शहाणपणा करू नगंस, तुझीच जमीन जाईल." तेवढ्यात शेजारगावच्या म्हाताऱ्या पाटलांनी हात वर केला. "पाटील घरात हायत म्हणणारा ह्योच न्हवं? मग चालू द्या त्याला. आमाला शपथ नगं."

याकोबा चालू लागला. जिथून ओढ्याचा काठ सुटतो, तिथं तो थांबला. पुढं त्याचाच हाडोळा होता. ज्वारी हुरड्यात आली होती, माणसाच्या डोक्याहून उंच. बांधावर सारा विळा घेऊन उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"थांबलात कावून?" ती म्हणाली. "घाला की पाय आत. लोकांस्नी दिसायला वाट मी करते."

आणि ती बाई पुढं झाली. स्वतः खुरपलेल्या, स्वतः राखलेल्या ज्वारीची ताटं ती भराभरा आडवी करत निघाली. मागून डोक्यावर माती घेतलेला याकोबा, एकेक पाऊल जपून टाकत. मी जन्मभर देवापुढं हात जोडत आलो होतो. पण देव इथं उभा राहून बघतो आहे, हे इतकं खरं मानणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. ती दोघं पलीकडच्या बांधावर निघाली, तेव्हा तहसीलदारांनी तीच शीव दफ्तरात चढवायला सांगितली.

संध्याकाळी पाटलांनी त्याला चावडीवर बोलावलं. आता वेसकरकीही जाणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तो नेहमीसारखा पायरीखाली उभा राहिला.

"गावाची जमीन घालवलीस, याकोबा."

"गावाची नव्हती, मालक."

पाटलांचा आवाज उतरला. "आन् तुझी रं?"

"माझी बी नव्हती."

पाटील सरकून बसले आणि त्याला म्हणाले, "वर ये. बस." मी शेजारीच गादीवर बसलो होतो. याकोबानं पायरीवर पाऊल ठेवलं, आणि मी, गावचा कुलकर्णी, अदबीनं उठून उभा राहिलो.