तांदळातला कॅमेरा

आमच्या शेजारच्या भाऊंना जुनी वस्तू घेणारा माणूस बघवत नाही. चिपळूणच्या एका फोटोग्राफरकडून मी जुना मिररलेस कॅमेरा आणला, तेव्हा ते न बोलावता आले. बाजारात माशाचे कल्ले उघडून बघावेत तसं लेन्स काढून त्यांनी आत डोकावलं. वाससुद्धा घेतला.

"चिपळूणचा ना? मग पुराचं पाणी प्यायलेला असणार. आणि ह्याचा असला जुनाट, धूसर व्हिडिओ आता बघतो कोण? फुकट दिला तरी घेऊ नये."

भाऊंचा स्वतःचा कॅमेरा अगदी नवा. त्याचं बटण न् बटण त्यांना तोंडपाठ आहे. पण रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेने लेन्सला बुरशी येईल म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळात पुरून ठेवलेला असतो. गणपती निदान वर्षातून एकदा दर्शन देतो; हा तेवढंही देत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या थोरलीचा साखरपुडा ठरला आणि भाऊ माझ्या दारात उभे.

"तुझा तो जरा दे रे. हॉल समुद्राला लागून आहे, माझा कशाला बाहेर काढू?"

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी ते कॅमेरा घेऊन आले. मुलगी, पाहुणे, रडणारी आत्या, सगळं झकास उतरलं होतं. त्यांनीच मला कौतुकाने दाखवलं. जाताना पायरीवर थांबून सल्ला मात्र दिलाच.

"माझं ऐक, विकून टाक हा. फक्त धाकटीचं लग्न होऊ दे."