ढेकणांचे विष आणि भाऊसाहेबांचा धीर

महायुद्ध संपून थोडीच वर्षे झाली होती. डॉक्टर भाऊसाहेब म्हसळ्याहून बैलगाडीने बोर्ली पंचतनच्या आमच्या दवाखान्यात आले आणि मला, म्हणजे इथल्या कंपाउंडरला, त्यांनी पहिला प्रश्न केला, "विषाच्या बाटल्या कुठे ठेवता?" ना नमस्कार, ना चहा. मला भयंकर राग आला. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना सांगतो, तो राग बरेच दिवस टिकला. माणूस मात्र जन्माचा आपला झाला.

खोकला घेऊन आलेल्यालाही भाऊसाहेब खणखणीत आवाजात विचारतात, "लघवी साफ होते ना?" बायका तोंडाला पदर लावतात. त्या प्रश्नाचे गांभीर्य मला जानकीच्या आजारात कळले.

जानकी किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली सून. पोटात मुरडा आला म्हणून सासूने, हिराबायने, तिला केळ्यातून कापूर द्यायचे ठरवले. आपल्याकडे देतातच. पण घरात खाटेच्या ढेकणांसाठी आणलेला रसकापूरही होता. 'रस हाय म्हंजे जादा गुणाचा,' असे त्या भोळ्या बाईला वाटले. रसकापूर म्हणजे पाऱ्याचे जहाल विष! उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाल्यावर जानकीला दवाखान्यात आणले. अंड्याचा पांढरा बलक आणि दूध पाजून भाऊसाहेबांनी तिला कसेबसे सावरले. मग तिची लघवीच बंद झाली.

"पाऱ्याने मूत्रपिंडे दुखावली आहेत. ती आपली आपण सुधारली तरच," ते मला हळूच म्हणाले. जानकीच्या तोंडावर सूज चढली, तिला धाप लागू लागली. कोळीवाड्यातून शहाळी येऊ लागली. लघवी अडली की शहाळे, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. भाऊसाहेबांनी ती सारी परत पाठवली. बाहेर न जाणारे पाणी छातीत साठेल, म्हणून ओठ ओले करायचे आणि मोजकेच घोट द्यायचे, असा त्यांचा हुकूम होता.

दारात माणसे जमली. "माजी सून तानेनं मरतंय, आन् तुमी शाळी परत धाडताव?" हिराबाय ओरडली. जानकीच्या नवऱ्याने, धर्माने, भाऊसाहेबांचा सदरा धरला. जानकी गेली असती तर डॉक्टरांनी तिला तहानेने मारले, असेच सगळे म्हणाले असते. भाऊसाहेबांनी सदरा सोडवून घेतला नाही. "धर्मा, मला मारायचं तर मार. पण तिला पाजू नकोस," एवढेच ते म्हणाले.

धर्माचा हात खाली आला. पण जानकीची सूज वाढतच होती, आणि भाऊसाहेबांचे जेवण सुटले होते.

मग एका सकाळी हिराबाय आतल्या खोलीतून भरल्या दवाखान्यात धावत आली. "मुतली! माजी सून मुतली!" भाऊसाहेब खुर्चीत बसले आणि सर्वांदेखत रडले.

हिराबायला त्यांनी कधी दोष दिला नाही. "चूक नावाची आहे," म्हणाले, आणि दुकानोदुकानी फिरून त्यांनी रसकापूर 'ढेकणांचे विष' या नावाने विकायला लावला. "अशा नावानं घेणार कोण?" एका शेटजींनी विचारले. "ज्यांच्याकडे ढेकूण आहेत ते," भाऊसाहेबांनी उत्तर दिले.

जानकी पायांनी चालत घरी निघाली तेव्हा हिराबायने भाऊसाहेबांच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. "डाक्टर, तुमचा कंदी काय अडाचा न्हाय!" आम्ही दोघे तेव्हा तरुण होतो, पोट धरून हसलो. आता साठीला पोचल्यावर या आशीर्वादाचे मोल आम्हाला नीट कळते. भाऊसाहेब, तो पुढची पुष्कळ वर्षे, रोज सकाळी, खरा ठरो.