अंगावर विश्वास नसलेले भाऊजी

आमच्या भाऊजींचा जगात सगळ्यांवर विश्वास होता. नव्हता तो फक्त स्वतःच्या अंगावर. आमचा जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. हैदराबादला ते विमान चालवायला शिकले, पुढे शिकवूही लागले. सुट्टीत सेलूला आले की अंगणातल्या झोक्यावर बसत, डोळ्यांवर उपरणं बांधत आणि मला दोर पिळून सोडायला सांगत. मी झोका धरून थांबवला की म्हणत, "वहिनी, मी आता उलटा फिरायलोय ना?" झोका जागच्या जागी. "बघा! अंग खोटं बोलतं. ढगात खरं बोलतो तो विमानातला काटा."

हौसेनं मीही एकदा बसले. उतरले आणि तुळशीपाशी ओकले. सासूबाईंनी दुपारपर्यंत गल्लीभर गोड बातमी पोचवली.

ढगात उडायची सवय व्हावी म्हणून शिकणाऱ्याला भाऊजी विमानात कापडी टोपाखाली बसवत. त्याला बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त समोरचे काटे. बाहेर बघायचं ते भाऊजींनी.

"देवानं डोळे दिलेत, न् तू लेकरांना टोपल्याखाली झाकून उडवायलास?" सासूबाई म्हणत.

"आई, मी हाय ना बघायला."

तेव्हाची ती विमानं वरून उघडीच असायची. एका लख्ख सकाळी गिधाड समोरून आलं आणि भाऊजींच्या तोंडावर आदळलं. मागं टोपाखाली बसलेल्या पोराला फक्त धक्का कळला. भाऊजी ओरडले, "काटे बघ! सरळ ठेव!" विमान सावरल्यावर म्हणाले, "आता टोप काढ. मला दिसत नाही." पोरानं विमान उतरवलं. भाऊजींचे दोन्ही डोळे गेले.

आंधळी माणसं अंगाच्या अंदाजानं चालायला शिकतात. भाऊजींना तेच जमेना. उंबऱ्याशी एक पाय उचलून उभे राहत. "मला सरळ वाटायलंय, म्हणजे वाकडंच असणार. सरळ हाय का मी, वहिनी?" मी सांगेन तेवढंच खरं. मी, जिला उजवा हात कोणता हे घास उचलून बघावं लागतं! चुलीवरचं तसंच टाकून "जरा उजवीकडं, भाऊजी" करत त्यांच्यामागं हिंडायचे. मी माहेरी गेले की ते खाटेवरून उतरत नसत.

मग ताप आला, तो उतरलाच नाही. शेवटी शेवटी आवाज पार खोल गेला होता. "वहिनी, सरळ हाय का मी?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि "हो म्हण" अशी मला खूण केली. माझ्या तोंडून हो निघेना.

"डावीकडं कललात, भाऊजी."

त्यांनी उशीवर मान तेवढीच उजवीकडं घेतली. "आता?"

"आता सरळ."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही.